कोळशीचा श्वास कोंडा, आपला जपा

काटोल, नरखेड, कळमेश्वर पट्ट्यातल्या संत्राबागायतदारांनो, जुलै-ऑगस्ट हे कोळशीच्या, म्हणजे काळ्या माशीच्या पिल्लांचे दिवस. उघडीप मिळाली की पंप पाठीवर घेण्याआधी नवतीची पानं उलटून बघा. खालच्या बाजूला चकलीसारखी फेऱ्यांत घातलेली बारीक अंडी दिसली तर लक्ष ठेवा आणि साधारण निम्मी अंडी फुटली की फवारा.

किडीला फुप्फुसं नसतात, ती तोंडाने श्वासही घेत नाही. एखादी मोठी अळी धरून तिच्या कुशीकडे बघा: दोन्ही बाजूंना ठिपक्यांची रांग असते, एका बाजूला 9. ती श्वसनरंध्रं. तिथून आत नळ्या जातात, त्यांना बारीक बारीक फाटे फुटतात आणि हवा थेट पेशींपर्यंत पोचते. रक्ताचा त्यात जवळजवळ संबंधच नाही.

म्हणून तेलकट फवारा कामी येतो. थर अंगावर बसला की छिद्रं बुजतात. निंबोळी तेल 100 मिली आणि कपडे धुण्याची पावडर 10 ग्रॅम, 10 लिटर पाण्यात नीट ढवळून घ्या. पण तेल किडीला लागलं तरच उपयोग. पिल्लं पानाखाली चिकटलेली असतात, त्यामुळे नोझल खालून वर धरा. वरवर झाड ओलं करणं म्हणजे पैसे पाण्यात. भर उन्हात मारू नका. गंधक फवारलं असेल तर दोन-तीन आठवडे थांबा, नाहीतर पानं करपतात.

जुन्या बागेत फांदीच्या बेचक्यात भुसा-विष्ठेची जाळी लोंबत असेल तर ती साल खाणारी अळी. ती दिवसा छिद्रात दडते. जाळी साफ करून छिद्रात सायकलची आरी घाला. अळी हाती लागली नाही तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सरकवा आणि ओल्या मातीने तोंड बंद करा. हे करताना बिडी लांबच बरी.

आता आपलं. आपल्याही छातीत नळीला फाटे फुटत जातात, पण त्या शेवटी 30 कोटींहून जास्त वायुकोशांत संपतात आणि तिथून श्वासातलं विष रक्तात उतरतं. यवतमाळात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे जीव गेले, ते विसरू नका. तोंडाला बांधलेला दुपट्टा थेंब थोडेफार अडवतो, वाफ नाही. रासायनिक औषध मारायचंच असेल तर कोळशाच्या गाळणीचा मास्क लावा, वारा पाठीशी ठेवा. पडला वारा तरी दुपारी नकोच.

छाती भरून आली, तोंडाला लाळ सुटली, नजर धूसर झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका. काही औषधांनी या नळ्या आकसतात आणि कफाने भरतात. कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली लेबलसकट घेऊन लगेच दवाखाना गाठा.