विस्मृतीतले अमेरिकी गुन्हेपट डिस्कवर शोधताय? या चुका टाळा

जुना अमेरिकी गुन्हेपट पाहून कुणी नाक मुरडलं की मी आधी एवढंच विचारतो: प्रत कोणती पाहिलीत? कथा, अभिनय, दिग्दर्शन हे सगळं नंतर. या प्रकारातले कितीतरी सिनेमे वाईट नव्हते, त्यांच्या प्रती वाईट होत्या. पुसट चित्र, खरखरता आवाज, दोन्ही बाजूंनी कापलेली चौकट अशा अवस्थेत लोकांनी ते वर्षानुवर्षं टीव्हीवर आणि कॅसेटवर पाहिले आणि 'बरा आहे' म्हणून विसरून गेले. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यातले बरेच धुऊनपुसून नव्या डिस्कवर आले आहेत. पण योग्य डिस्क निवडली नाही, किंवा निवडूनही नीट पाहिली नाही, तर पैसे जातात आणि सिनेमाबद्दलचं मत पुन्हा वाईटच होतं.

फुकट प्रतीवरून निकाल देणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल. अमेरिकेत १९६४च्या आधी प्रकाशित झालेल्या सिनेमाला पहिल्यांदा २८ वर्षांचा कॉपीराइट मिळे. तो पुढे चालू ठेवायचा तर नूतनीकरणाचा अर्ज करावा लागे. बड्या स्टुडिओंकडे या कामाला माणसं होती. छोट्या स्वतंत्र निर्मात्यांच्या कंपन्या मात्र तोवर बंद पडलेल्या असत, अर्ज करायला कुणी उरलेलंच नसे. असे सिनेमे सार्वजनिक मालकीचे झाले. मग हाताला लागेल त्या झिजक्या १६ मिमी प्रतीवरून कुणीही डिस्क काढावी आणि विकावी. एका खोक्यात पन्नास सिनेमे देणारे स्वस्त संच असेच तयार झाले. यूट्यूबवर फुकट दिसणारी प्रतही बहुतेकदा त्याच गोतावळ्यातली असते.

एडगर उल्मर यांचा 'डिटूर' (१९४५) याचं ठळक उदाहरण आहे. पीआरसी या गरीब स्टुडिओत तो जेमतेम पैशांत बनला. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नव्हते म्हणून दाट धुकं सोडून भागवलं. खराब प्रतीत हे धुकं म्हणजे प्रिंटचाच डाग वाटतो. नीट प्रतीत ते नायकाच्या डोक्यात भरलेलं धुकं वाटतं. अकॅडमी फिल्म आर्काइव्हनं त्याचं जे पुनरुज्जीवन केलं, त्याचा मुख्य आधार बेल्जियमच्या संग्रहालयातली एक नायट्रेट (जुन्या, ज्वालाग्राही फिल्मवरची) प्रत होती. तिच्या चित्रातच फ्रेंच आणि फ्लेमिश सबटायटल छापलेली होती. ती एकेक करून डिजिटल पद्धतीनं पुसली. जुने सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीनं २०१९मध्ये ब्लू-रे काढली ती यावरून. आधीची प्रत पाहिलेल्यांनी नायिका ॲन सॅव्हेजचा चेहरा खऱ्या अर्थानं पाहिलेलाच नाही, असं मी बेधडक म्हणेन.

याच सिनेमात काही शॉट उलटे छापले आहेत. नायक पूर्वेकडून पश्चिमेला चाललाय हे पडद्यावर एकाच दिशेनं दिसावं म्हणून निगेटिव्हच पलटलं. त्यामुळे काही गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं धावतात. अमेरिकी प्रेक्षक ते पाहून डिस्क परत पाठवायला निघतो. आपल्याला मात्र ते खटकतही नाही, आपल्याकडे वाहतूक तशीच चालते! तेव्हा असं काही दिसलं तर डिस्कला दोष देऊ नका.

'टू लेट फॉर टिअर्स' (१९४९) आणि 'वूमन ऑन द रन' (१९५०) यांची गोष्ट आणखी थरारक. पहिल्यात रात्रीच्या रस्त्यावर चुकून एका जोडप्याच्या गाडीत नोटांनी भरलेली बॅग येऊन पडते आणि बायको, म्हणजे लिझबेथ स्कॉट, ती परत करायला तयार नसते. एवढ्यावरून पुढचं सगळं घडतं. एका फ्रेंच ड्यूप निगेटिव्हसह (मूळ निगेटिव्हची नक्कल) निरनिराळ्या प्रती जुळवून लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या संग्रहालयानं तो पुन्हा उभा केला. दुसऱ्याची अमेरिकेत माहीत असलेली एकुलती एक ३५ मिमी प्रत २००८मध्ये युनिव्हर्सलच्या आगीत जळाली. नॉयर, म्हणजे सावल्या आणि निराशेनं भरलेले गुन्हेपट, जपणाऱ्या फिल्म नॉयर फाउंडेशनचे एडी म्युलर यांनी आधीच तिची डिजिटल नक्कल गुपचूप करून ठेवली होती. पुढे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे मूळ साहित्य सापडलं आणि सिनेमा वाचला. नवऱ्याच्या शोधात सान फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून फिरणारी ॲन शेरिडन आणि तिची तिखट जीभ आज आपल्याला लख्ख दिसते-ऐकू येते ती त्यामुळे. फ्लिकर ॲली या डिस्क कंपनीनं २०१६मध्ये दोन्ही सिनेमे डिस्कवर आणले.

मग ओळखायचं कसं? खोक्याची मागची बाजू वाचा. पुनरुज्जीवन कुणी केलं, कोणत्या साहित्यावरून केलं, हे लिहिलंय का? यूसीएलए, लायब्ररी ऑफ काँग्रेस, अकॅडमी अशा संस्थेचं नाव दिसलं तर निश्चिंत राहा. नुसतं 'डिजिटली रिमास्टर्ड' लिहिलेलं असेल तर त्याला काडीची किंमत देऊ नका.

चौकटीकडे दुर्लक्ष

सिनेमा कोणत्या आकारात पाहायचा होता हे ठाऊक नसेल तर डिस्क बरोबर आहे की चूक हेच कळत नाही. साधारण १९५३पर्यंतचे हॉलिवूड सिनेमे जवळजवळ चौकोनी आहेत. आजच्या टीव्हीवर त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्याच पाहिजेत. 'पडदा रिकामा का ठेवायचा' म्हणून घरातलं कुणीतरी रिमोटवरचं झूम दाबतं आणि चित्राचा चौथा भाग वरखाली गायब होतो. नाहीतर चित्र ताणून सगळी पात्रं जाडी करून ठेवतं. ती सेटिंग आधी बंद करा.

त्यानंतरच्या सिनेमांचा त्रास उलटा. रिचर्ड फ्लायशर यांचा 'व्हायलंट सॅटर्डे' (१९५५) रंगीत सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे खूप रुंद चौकटीत, आहे. खाणीवर जगणारं एक गाव, तिथल्या लोकांची लफडी-कुलंगडी, आणि बँक लुटायला आलेले तिघे. फ्लायशर एकाच लांबलचक फ्रेममध्ये एका टोकाला दरोडेखोर आणि दुसऱ्या टोकाला गावकरी ठेवतो. जुन्या टीव्हीसाठी ही फ्रेम कापली की चित्राचा जवळपास अर्धा भाग जातो, आणि त्याबरोबर दरोड्याचा सगळा ताणही.

डॉन सीगल यांच्या 'चार्ली व्हॅरिक'ची (१९७३) कहाणी वेगळी. वॉल्टर मॅथाऊ एक छोटी बँक लुटतो आणि नंतर कळतं की ते पैसे माफियाचे होते. वर्षानुवर्षं अमेरिकेत मिळणारी युनिव्हर्सलची डीव्हीडी चौकोनी होती. तिच्यात बाजू कापलेल्या नव्हत्या, तर थिएटरात झाकला जाणारा वरखालचा भाग उघडा टाकलेला होता. 'जास्तच दिसतंय की, मग बिघडलं काय?' असं वाटेल. बिघडलं ते हे, की घट्ट बांधलेली फ्रेम सैल झाली आणि सिनेमा टीव्ही मालिकेसारखा दिसू लागला. पुढे इंडिकेटर आणि किनो लॉर्बर या डिस्क कंपन्यांच्या ब्लू-रेनं तो योग्य आकारात आणला. जुन्या डीव्हीडीवर 'फुल स्क्रीन' छापलेलं असेल आणि सिनेमा १९५३नंतरचा असेल, तर हात आखडता घ्या.

'डिस्क चालतच नाही'

भाऊ अमेरिकेतून येताना प्रेमानं डिस्क घेऊन येतो आणि पुण्यातल्या प्लेअरवर नुसता संदेश झळकतो. दोष डिस्कचा नाही. डिस्क जगाच्या ठरावीक भागातल्याच प्लेअरवर चालावी म्हणून तिला क्षेत्राचं कुलूप घातलेलं असतं. डीव्हीडीसाठी अमेरिका क्षेत्र १ आणि भारत क्षेत्र ५. ब्लू-रेसाठी अमेरिका ए, युरोप बी आणि आपण सी. किनो आणि अमेरिकी क्रायटेरियनच्या ब्लू-रे बहुधा ए-लॉक असतात, ब्रिटिश कंपन्यांच्या बऱ्याच बी-लॉक, तर वॉर्नर आर्काइव्हच्या बहुतेक कुठेही चालतात. ४के डिस्कला क्षेत्रबंधन नसतं, पण त्याच खोक्यातल्या ब्लू-रेला असू शकतं. मग सिनेमा चालतो आणि मुलाखती चालत नाहीत. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचं क्षेत्र बदलता येतं, पण पाचच वेळा. हा छंद लागणार असेल तर सर्व-क्षेत्री प्लेअर घ्या, बाकी उपाय तात्पुरते.

युरोपातल्या जुन्या पाल (तिथल्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवर १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. तो कापलेला नसतो. सेकंदाला २४ऐवजी २५ फ्रेम धावतात म्हणून लवकर संपतो.

आणि सबटायटल. 'द फ्रेंड्स ऑफ एडी कॉइल' (१९७३) जवळजवळ पूर्ण बोलण्यावर उभा आहे. बोस्टनचे भुरटे चोर आणि शस्त्रांचे दलाल तोंडातल्या तोंडात सौदे करतात, आणि रॉबर्ट मिचम इतका थकलेला कधीच दिसला नसेल. सबटायटलशिवाय आपल्याला यातलं निम्मं निसटेल. वॉर्नर आर्काइव्हनं २००९मध्ये मागणीनुसार डीव्हीडी-आर (कोऱ्या डिस्कवर उतरवलेल्या प्रती) काढायला सुरुवात केली तेव्हा त्यांवर सबटायटल नसत. विकत घेण्याआधी हे तपासा.

संचातला फक्त मोठा सिनेमा पाहणं

२००९मध्ये कोलंबियाच्या नॉयर सिनेमांचा एक डीव्हीडी संच आला. लोकांनी तो घेतला फ्रिट्झ लांग यांच्या 'द बिग हीट'साठी. त्याच खोक्यात 'मर्डर बाय कॉन्ट्रॅक्ट' (१९५८) पडून होता. ८१ मिनिटांचा, अत्यंत स्वस्तात बनलेला, गिटारच्या सुरांवर चालणारा. व्हिन्स एडवर्ड्सचा भाडोत्री मारेकरी खुनाकडे नोकरीसारखा बघतो: हिशेबी, शिस्तीचा, घर घ्यायला पैसे जमवायला निघालेला. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी आपल्यावर प्रभाव टाकणाऱ्या सिनेमांत त्याला मानाचं स्थान दिलंय. सीगल यांचा 'द लाइनअप'ही याच संचात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. किनोच्या तीन-तीन सिनेमांच्या नॉयर संचांनाही हाच नियम लावा. मुखपृष्ठावर ज्याचं नाव सगळ्यात लहान, तो आधी लावा. फार तर सव्वा तास जाईल.

नावावरून फसणं

एकाच सिनेमाची दोन नावं असतात आणि माणूस तोच दोनदा विकत घेतो. 'टू लेट फॉर टिअर्स' पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा 'किलर बेट' झाला. 'हूल स्टॉप द रेन' (१९७८) ब्रिटनमध्ये 'डॉग सोल्जर्स' नावानं लागला. इव्हान पासर यांचा 'कटर्स वे' (१९८१) आधी 'कटर अँड बोन' होता. तो चालला नाही म्हणून युनायटेड आर्टिस्ट्सनं मागे घेतला आणि नाव बदलून पुन्हा लावला. नावापेक्षा दिग्दर्शक आणि वर्ष बघून शोधा.

नॉयर म्हणजे फक्त काळा-पांढरा, ही समजूतही अशीच फसवते. कार्ल फ्रँकलिन यांचा 'वन फॉल्स मूव्ह' (१९९२) थेट व्हिडिओवर जाता जाता वाचला आणि समीक्षक जीन सिस्केल यांनी त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम सिनेमा ठरवलं. तरीही आज किती जणांनी पाहिलाय?

काही किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी

टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग (मध्ये नकली फ्रेम घालणारी सोय) बंद करा. ते चालू असलं की १९५०चा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. चित्रातली दाणेदार हालचाल हा दोष नव्हे, फिल्म अशीच दिसते. दिवे मालवा. अर्धा सिनेमा सावलीत घडतो.

कॉमेंट्री आधी ऐकू नका, शेवट फुटतो. 'क्राइम वेव्ह'च्या (१९५४) डिस्कवर म्युलर आणि कादंबरीकार जेम्स एलरॉय यांची जुगलबंदी आहे, ती मात्र सिनेमा पाहून झाल्यावर जरूर ऐका. एलरॉय अक्षरशः भुंकतात.

'मर्यादित आवृत्ती' वाचून घाबरू नका. ट्वायलाइट टाइम ही कंपनी बहुतेक सिनेमांच्या ३,०००च प्रती काढायची, २०२०मध्ये तिनं कारभार गुंडाळला आणि संपलेल्या डिस्कवर लोक भाव लावू लागले. पण त्यांनी काढलेला 'कटर्स वे' पुढे फन सिटी एडिशन्स या दुसऱ्या कंपनीनं पुन्हा आणलाच.

जुने संच न तपासता घेणं

वापरलेल्या डीव्हीडी घेताना सालाकडे बघा. २००६ ते २००८ दरम्यान छापलेल्या आपल्या काही डीव्हीडी खराब होत असल्याचं वॉर्नरनं २०२५मध्ये मान्य केलं आणि शक्य तिथे बदलून देण्याची तयारी दाखवली. 'क्राइम वेव्ह', 'मिस्टरी स्ट्रीट', 'साइड स्ट्रीट' असे दहा सिनेमे असलेला त्यांचा चौथा नॉयर संच नेमका २००७चा आहे. म्हणून प्रत्येक डिस्क लावून बघितल्याशिवाय विक्रेत्याला पैसे देऊ नका. डिस्क वरून चकचकीत दिसली तरी फसू नका, आणि पहिली पाच मिनिटं बघून 'चालतेय' म्हणू नका. दोन थरांच्या डीव्हीडीवर सिनेमा आतल्या कडेपासून सुरू होऊन बाहेर जातो आणि तिथून दुसऱ्या थरावर परत आत येतो. बिघाड बऱ्याचदा या वळणाशी किंवा त्यानंतर दिसतो. थेट मधल्या प्रकरणावर उडी मारा आणि तिथून पुढची दहा-पंधरा मिनिटं न थांबवता चालू द्या.