नॉकआउट उंदराचा कोलेस्टेरॉलचा पेपर कसा वाचायचा

शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीला असाल नायतर कोल्हापुरातच फार्मसी करत असाल आणि सेमिनारला नॉकआउट उंदराचा, म्हणजे एखादं जीन मुद्दाम बंद केलेल्या उंदराचा, पेपर वाट्याला आला असेल, तर लगेच ग्राफकडं जाऊ नका. आधी एकच विचारा, या उंदराच्या रक्तात कोलेस्टेरॉल आहे कुठल्या कणात? कोलेस्टेरॉल रक्तात चरबी-प्रोटीनच्या कणांतून फिरतं, माणसात जास्त एलडीएल या कणात असतं, साध्या उंदरात जास्त एचडीएल या कणात. याचं एक मोठं कारण म्हणजे उंदराकडं सीईटीपी हे प्रोटीनच नसतं, त्यामुळं एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल दुसऱ्या कणांकडं जात नाही. हे सोडून पुढं गेलात तर सगळे आकडे उलटे लागतात.

मग कुठला रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं कण पकडणारं प्रोटीन, काढलाय ते बघा. एलडीएल रिसेप्टर, ज्याच्या कामाला ब्राउन आणि गोल्डस्टीनना १९८५ चं नोबेल मिळालं, तो लिव्हरच्या पेशीवर कणांवरची एपोबी-१०० आणि एपोई ही प्रोटीनं ओळखतो, अख्खा कण आत घेतो आणि स्वतः परत वर येतो. आता हाच काढला तर कोलेस्टेरॉल भरमसाट वाढेल असं वाटतं ना, पण साध्या खाद्यावर ते साधारण दर डेसिलिटरला २००-३०० मिग्रॅवरच थांबतं! कारण उंदराचं लिव्हर एपोबी-४८ हा एपोबीचा आखूड प्रकार पण बनवतं, माणसाचं लिव्हर जवळपास नाहीच बनवत, आणि त्या कणांवरचा एपोई एलआरपी-१ नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरला धरून कण आत पोचवतो. एपोईच काढला की या एपोबी-४८ वाल्या कणांना दोन्ही वाटा बंद, म्हणून तो उंदीर साध्या खाद्यावरच ४०० च्या वर जातो. एलडीएल रिसेप्टर काढलेल्याला मात्र वेस्टर्न डाएट द्यावं लागतं, म्हणजे वजनाच्या २१ टक्के फॅट आणि ०.२ टक्क्याच्या आसपास कोलेस्टेरॉल, मग तो १००० पार करतो. त्यामुळं खाद्य काय होतं ही ओळ मेथड्समध्ये शोधाच, माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची.

काढलेला रिसेप्टर एसआर-बीआय असेल तर हिशोब वेगळा. तो कण गिळत नाही, एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल एस्टर तेवढं काढून घेतो. तो नसला की रक्तातलं कोलेस्टेरॉल जवळपास दुप्पट होतं, एचडीएलचे कण मोठे होतात, आणि एपोई किंवा एलडीएल रिसेप्टर नसलेल्या उंदरात वरून हाही काढला तर धमन्यांतला प्लाक, म्हणजे चरबीचा थर, वाढतो. म्हणून एचडीएल वाढलं म्हणजे चांगलं झालं असं स्लाइडवर लिहू नका, प्लीज.

बाकी नर का मादी, किती तास उपाशी ठेवून रक्त घेतलं, कंट्रोल त्याच पिल्लावळीतले का, हे पटकन बघून घ्या. फ्रीडवाल्डचं सूत्र माणसांसाठी आहे, उंदराचं एलडीएल त्यानं काढलं असेल तर तो आकडा धरू नका. एफपीएलसीचं, म्हणजे कण आकारानुसार वेगळे करायच्या पद्धतीचं, प्रोफाइल असेल तर व्हीएलडीएल, एलडीएल, एचडीएल अशा क्रमानं वाचा, आणि नुसतं टोटल कोलेस्टेरॉल देऊन एचडीएलबद्दल दावा केला असेल तर सेमिनारमध्ये तेच उचलून धरा.