चॅटबॉट कुणी बनवावा? आपल्याच कामाच्या सवयींमुळे होणाऱ्या या चुका टाळा

"मला कोडिंग येत नाही, मला चॅटबॉट जमेल का?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. "मला फक्त कोडिंगच येतं, जमेल का?" असं मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. खरं तर काळजी करायची ती या दुसऱ्या माणसाने. मीही त्यातलाच, म्हणून आधी माझीच चूक सांगतो.

चूक 1: आपण बोलतो तसंच सगळे बोलतात असं धरून चालणं

एका दवाखान्यासाठी अपॉइंटमेंट घेणारा बॉट मी बनवला होता. टेस्टिंग करताना मी टाइप करायचो, "मंगळवारी दुपारी 4 ची वेळ द्या." बॉट चोख उत्तर द्यायचा. मग रिसेप्शनवर 12 वर्षं फोन घेणाऱ्या ताईंना बसवलं. त्यांनी पहिलंच वाक्य लिहिलं, "मंगळवार सोडून कधीही चालेल." बॉट म्हणाला, "मंगळवार, सकाळी 10. नक्की करू?"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी पुढचं लिहिलं, "मागच्या वेळेसारखंच द्या." मग "शाळा सुटल्यावर जमेल." आणि शेवटी "बरं, बघते." या "बघते"चा अर्थ बहुतेक वेळा "नको" असतो, हे मला माणूस म्हणून चांगलं ठाऊक होतं. प्रोग्रामर म्हणून ते डोक्यातच आलं नाही. माझ्या बॉटने त्या "बरं"ला होकार समजून वेळ पक्की करून टाकली.

आता कुणी म्हणेल, आजच्या भाषा-मॉडेलला, म्हणजे ढीगभर मजकूर वाचून भाषा शिकलेल्या प्रोग्रामला, "मंगळवार सोडून" सहज कळतं. कळतं, मान्य. पण पहिल्यांदा येणाऱ्या पेशंटला जास्त वेळ राखून ठेवावा लागतो, किंवा "जरा दुखतंय" म्हणणाऱ्याला आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात, हे दवाखान्याबाहेरच्या मॉडेलला कोण सांगणार? ते ताईंच्या डोक्यात असतं, लिहून कुठेच ठेवलेलं नसतं. म्हणून फोनवर, काउंटरवर, ग्राहकसेवेत काम केलेला माणूस या कामात सर्वांत आधी हवा. आपण त्याला बोलावतो सर्वांत शेवटी, "जरा बघून घ्या" म्हणायला.

चूक 2: हे फक्त इंजिनिअरांचं क्षेत्र आहे असा समज

इतिहास वेगळंच सांगतो. 1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' ही सुरुवातीच्या काळातली चॅटबॉट जगापुढे आणली. ते स्वतः संगणकतज्ज्ञ होते, पण एलायझाची गाजलेली युक्ती मानसोपचारातून उचललेली होती: समोरच्याचं वाक्यच प्रश्न करून त्याच्याकडे परत पाठवायचं. 1972 चा 'पॅरी' हा रुग्णासारखा बोलणारा बॉट तर स्टॅनफर्डमधल्या केनेथ कोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांचा. संशयाने पछाडलेला रुग्ण कसा बोलतो हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं होतं. पॅरीचे संवाद आणि खऱ्या रुग्णांचे संवाद शेजारी ठेवल्यावर इतर मानसोपचारतज्ज्ञांनाही खात्रीने फरक सांगता आला नाही. आणि 'मित्सुकू' या बॉटसाठी लोबनर पारितोषिक (सर्वांत माणसासारखं बोलणाऱ्या बॉटला दिलं जाणारं) 5 वेळा जिंकणारे स्टीव्ह वर्सविक मुळात डान्स म्युझिक बनवायचे. आपल्या संगीताच्या वेबसाइटवर त्यांनी बॉट ठेवला, आणि लोक गाण्यांपेक्षा बॉटसाठीच जास्त येऊ लागले.

चूक 3: जाणकाराने सगळंच सांगून टाकणं

ही शिक्षकांची, वकिलांची, डॉक्टरांची चूक. "पासवर्ड विसरलोय" असं कुणी लिहिलं की बॉट सुरक्षेवर चार परिच्छेद ऐकवतो आणि पासवर्ड बदलायची लिंक पाचव्यात देतो. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1975 च्या निबंधात संभाषणाचे नियम मांडले; गरजेपेक्षा कमी सांगू नये आणि जास्तही सांगू नये, हा त्यातलाच एक. उपाय सोपा आहे. दोघांनी बसून संवाद मोठ्याने वाचायचा, एकाने बॉट व्हायचं, दुसऱ्याने ग्राहक. वाचताना ज्या वाक्यावर दम लागतो, ते कापायचं.

शिक्षकांचं एक मात्र खास. विद्यार्थ्याने चुकीचा प्रश्न विचारला तरी त्याला नेमकं काय अडलंय हे त्यांना पटकन कळतं. बॉटचे उलटप्रश्न त्यांच्याकडूनच लिहून घ्यावेत.

चूक 4: लेखकाने बॉटला फार गोड करणं

लेखक मंडळी बॉटला नाव देतात, स्वभाव देतात, विनोद देतात. पहिल्या भेटीत मजा येते, पाचव्या भेटीत तोच विनोद डोक्यात जातो. एखाद्याचे पैसे दोनदा कापले गेलेत आणि बॉट म्हणतोय, "अरेरे, माझं डोकं जरा गरगरलं!" अशा वेळी गोडवा हा अपमानच वाटतो. लेखकाने आधी हात घालावा तो "समजलं नाही" या उत्तराला. पहिल्यांदा अडलं तर जेवढं समजलं तेवढं सांगून एकच नेमका प्रश्न विचारावा. दुसऱ्यांदा अडलं तर दोन-तीन पर्याय पुढे ठेवावेत. तिसऱ्यांदा मुकाट्याने माणसाकडे सोपवावं, आणि आधीचं संभाषणही त्याच्याकडे जावं. ग्राहकाला पुन्हा पहिल्यापासून रडगाणं गायला लावू नये.

चूक 5: नियम जाणणाऱ्याला बाहेर ठेवणं

एअर कॅनडाच्या बॉटने एका प्रवाशाला सांगितलं की जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूमुळे मिळणारी भाडेसवलत प्रवासानंतरही मागता येते. कंपनीचा नियम नेमका उलटा होता. 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने कंपनीलाच जबाबदार धरलं. बॉट ही जणू वेगळी व्यक्ती आहे हा बचाव चालला नाही. पैसे, तारखा, पात्रता यांची उत्तरं मॉडेलच्या मनावर सोडू नयेत. ती मूळ नियमावलीतून आली पाहिजेत आणि नियम बदलला की कुणाला कळवायचं, हे ठरलेलं असावं.

चूक 6: सुरू केला, संपलं

'अ‍ॅलिस' या बॉटचे कर्ते रिचर्ड वॉलेस जुन्या संभाषणांच्या नोंदी वाचायचे आणि जिथे बॉट अडला तिथे नवं उत्तर लिहायचे. कंटाळवाणं काम आहे, पण अ‍ॅलिसने तीनदा लोबनर पारितोषिक मिळवलं ते या चिकाटीवर. आजही तेच करावं. आठवड्याला 50 संभाषणं, नावं आणि नंबर काढून, नीट वाचायची. फसलेले प्रश्न वेगळ्या यादीत ठेवायचे आणि प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे बॉटला लिहून दिलेल्या सूचनांमध्ये, शब्द जरी बदलला तरी ती अख्खी यादी पुन्हा चालवायची. एक बिघाड दुरुस्त करताना दुसरं कुठे काय मोडलं, हे त्याशिवाय कळत नाही. टेस्टिंग केलेल्या किंवा मुद्रितशोधन केलेल्या माणसाला हे सांगावंही लागत नाही.

एकटेच असाल तर बॉट बांधायच्या आधी एक संध्याकाळ काढा. पडद्यामागे जाणत्या माणसाला बसवा आणि बॉटच्या नावाने उत्तरं त्यालाच टाइप करू द्या. समोरच्यांना ते आधी नाही तर नंतर तरी नक्की सांगा. दुसऱ्या खेपेला मी हेच केलं, ताईंनाच बसवलं. त्या संध्याकाळी त्यांनी सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न होता, "कुणासाठी हवीय वेळ?" माझ्या पहिल्या बॉटमध्ये तो प्रश्नच नव्हता. लिहिणारा तोच पेशंट, असं मी धरून चाललो होतो.