रास्पबेरी पाय ४०० घरी आणलाय? मग या चुका टाळा

गेल्या वर्षी भाचीसाठी रास्पबेरी पाय ४०० घेतला. तिसऱ्याच दिवशी तिचा फोन आला, "मावशी, बिघडला गं. स्क्रीन काळी होते, परत चालू होतो, परत काळी." जाऊन पाहिलं तर कॉम्प्युटर ठणठणीत होता. सोबत आलेला अडॅप्टर तसाच खोक्यात पडून होता आणि कॉम्प्युटर लावला होता बाबांच्या मोबाइलच्या चार्जरला.

कीबोर्डच्या पोटात अख्खा कॉम्प्युटर, अशी ही वस्तू. नोव्हेंबर २०२० मध्ये ४ जीबी रॅमचा पाय ४०० बाजारात आला, तेव्हा नुसत्या कॉम्प्युटरची किंमत ७० डॉलर होती. डिसेंबर २०२४ मध्ये ८ जीबीचा पाय ५०० आला, ९० डॉलरला. घरातला टीव्ही आणि एक माउस जोडला की मूल पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला बसू शकतं. माझ्याकडे "बंद पडला" म्हणून जे येतात, त्यांत खरोखर बिघडलेला क्वचितच निघतो. दोष बहुतेक वेळा अडॅप्टरचा, कार्डाचा नाहीतर केबलचा असतो. म्हणून आधी ते तपासा. स्क्रू काढून कीबोर्ड उघडायची घाई करू नका.

चार्जर ६५ वॉटचा आहे, मग चालेलच की!

चालेलच असं नाही. पाय ४०० ला हवेत ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर. मोबाइलचा फास्ट चार्जर वॉट वाढवतो ते व्होल्ट चढवून, ९ किंवा १२ व्होल्टवर. ५ व्होल्टवर त्यातले कितीतरी चार्जर २ अँपिअरच देतात. नुसता डेस्कटॉप उघडा असेपर्यंत काही कळत नाही. ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला, वर एक हार्ड डिस्क जोडली, की व्होल्टेज घसरतं. ते ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेची खूण किंवा 'लो व्होल्टेज'चा इशारा येतो. या खुणेकडे दुर्लक्ष करू नका. पुढचे हँग होणं, आपोआप रीस्टार्ट होणं, कार्ड खराब होणं हे सगळं तिथूनच सुरू होतं. लांब, बारीक यूएसबी केबलसुद्धा हाच घोळ घालते. पाय ५०० साठी तर कंपनीचा ५ अँपिअरचाच अडॅप्टर घ्या, जुना वापरू नका.

थेट बटण बंद करणं

टीव्हीसारखा भिंतीवरचा स्विच बंद करायची सवय सगळ्यात महागात पडते. या कॉम्प्युटरची सगळी सिस्टिम एका मायक्रोएसडी कार्डावर असते. त्यावर काही लिहिलं जात असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते आणि दुसऱ्या दिवशी सिस्टिम सुरूच होत नाही. मेनूतून शटडाऊन करा. पाय ४०० वर पुन्हा चालू करायला एफएन आणि एफ१० ही बटणं एकत्र दाबायची असतात. ते माहीत नसल्यानं लोक स्विचशी खेळत बसतात. पाय ५०० वर वेगळं पॉवर बटण दिलंय.

लोडशेडिंग असेल तिथे इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा आणि कार्डाची एक प्रत काढून ठेवा. त्यासाठी मेनूतल्या ॲक्सेसरीजमध्ये एसडी कार्ड कॉपियर आहे. फक्त एक यूएसबी कार्ड रीडर आणि दुसरं कार्ड लागतं. ते कार्ड ओळखीच्या दुकानातून घ्या. लेबलवर १२८ जीबी आणि आत त्याचा पाव भागही नाही, अशी बनावट कार्डं सर्रास मिळतात. सुरुवातीला नीट चालतात, कार्ड भरत आलं की फाइली गायब व्हायला लागतात.

वीज गेल्यावरची आणखी एक गंमत पाय ४०० वर हमखास दिसते. त्यात घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नाही. वेळ तो इंटरनेटवरून घेतो. वाय-फाय जोडलं जाण्याआधी तारीख जुनी असते, आणि घाईनं ब्राउझर उघडलात तर प्रत्येक साइट 'सुरक्षित नाही' म्हणते. व्हायरस वगैरे काही नसतो. नेट आलं की तारीख आपोआप सुधारते, मग पान पुन्हा उघडा. आणि वाय-फायच दिसत नसेल तर सेटिंगमध्ये देश निवडलाय का ते बघा. तो निवडेपर्यंत वाय-फाय बंद असू शकतं.

पासवर्ड बरोबर, तरी चुकीचा

यात माझा स्वतःचा अख्खा तास गेला. वाय-फायच्या पासवर्डमध्ये @ होतं. कीबोर्ड अमेरिकी, पण सेटिंगमध्ये ब्रिटिश मांडणी. अशा वेळी शिफ्ट आणि २ दाबल्यावर @ ऐवजी " उमटतं, शिफ्ट आणि ३ ला # ऐवजी £. पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, त्यामुळे काही कळायला मार्ग नाही. आधी टेक्स्ट एडिटरमध्ये @ टाइप करून बघा, मग राउटरला दोष द्या. मराठीच्या जागी चौकोन दिसत असतील तर देवनागरी फॉन्ट टाकावे लागतील. मराठी टायपिंगसाठी इनपुट मेथड वेगळी बसवावी लागते.

टीव्हीला जोडायची केबल घेताना दुकानदाराला "मायक्रो एचडीएमआय" असं स्पष्ट सांगा. मिनी वेगळी, ती बसत नाही. हेडफोनची जागा नाही. आवाज टीव्हीतून, ब्लूटूथवरून किंवा यूएसबीनं घ्यायचा.

विंडोजचे प्रोग्राम टाकायला जाणं

याचा प्रोसेसर मोबाइलमध्ये असतो तसा एआरएम घराण्यातला आणि सिस्टिम लिनक्सची. त्यामुळे विंडोजची .ईएक्सई फाइल इथे सरळ चालणार नाही. पेन ड्राइव्हवरून टॅली टाकून बघणारे काका मला दर दोन महिन्यांनी भेटतात. याच घराण्याची एक गोष्ट मला फार आवडते. १९८० च्या दशकात शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून आपल्या काही शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर आले, तेही कीबोर्डच्याच पेटीत भरलेले. ते बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतच पुढे एआरएमचा जन्म झाला.

मागच्या ४० पिना

इथली चूक मात्र परत फिरवता येत नाही. सेन्सर वगैरे जोडायच्या या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. शेजारीच ५ व्होल्टची पिन असते. ती चुकून दुसऱ्या पिनेला टेकली तर प्रोसेसर जाऊ शकतो, आणि इथे प्रोसेसर गेला म्हणजे कीबोर्डसकट सगळाच कॉम्प्युटर गेला. वायरी जोडताना आधी शटडाऊन करा, अडॅप्टर काढा, पिनेचा क्रमांक दोनदा मोजा. एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर मुलांना हटकून हवा असतो. त्याची 'एको' पिन ५ व्होल्ट सोडते, ती थेट जोडायची नाही. एको आणि पायची पिन यांच्यामध्ये १ किलोओहम, आणि पायच्या पिनेपासून ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) पिनेला २ किलोओहम, असे दोन रेझिस्टर (विजेला अडवणारे छोटे भाग) लावले की पिनेवर साधारण ३.३ व्होल्टच पोचतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे रेझिस्टर काही रुपयांत मिळतात.

भाचीनं हाच सेन्सर गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाखाली बसवलाय. पहाटे पाणी सुटलं की अंतराचा आकडा उतरायला लागतो, आणि ती ब्रश तोंडात धरून स्क्रीनसमोर उभी असते.