मुलांच्या टीमचे कोच होताय? आधी हात खिशात घाला

रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपली की इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका हॉलमध्ये आम्ही जमतो: सात मुलं आणि मी. सातच का, तर नियम उसने घेतलेत. ‘ओडिसी ऑफ द माइंड’ ही स्पर्धा अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एका कॉलेजात 1978 साली सुरू झाली. टीममध्ये जास्तीत जास्त सात मुलं, एकच मोठा प्रश्न महिनोन्महिने सोडवायचा आणि शेवटी तो 8 मिनिटांत नाटकासकट मांडायचा. आम्ही स्पर्धेला जात नाही, पालकांसमोर सादर करतो एवढंच. पण तिचा सगळ्यात जाचक नियम मी मुद्दाम ठेवलाय: कल्पनाही मुलांची, हातही मुलांचेच. बाहेरच्यानं मदत केली तर तिथं गुण कापतात, आणि कोचसुद्धा बाहेरचाच.

चूक: ‘जरा इकडे दे’

अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले हलते देखावे) बघत वाढलेली इंदूरची मुलं, त्यांना हलणारं काहीतरी हवंच असतं. यंदा क्रेन. दोन सिरिंज, मध्ये सलाइनची नळी, आत पाणी. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा वर यायला हवा. आमचा येईना. स्प्रिंगसारखा दबायचा आणि परत फिरायचा. ‘‘अरे भिया, हे तर हलतच नाहीये!’’

मला लांबूनच दिसत होतं, नळीत हवा राहिलीये. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ नाही. म्हणून सगळा जोर बुडबुडा आवळण्यातच जात होता. गेल्या वर्षी असंच काहीतरी अडलं तेव्हा मी ‘जरा इकडे दे’ म्हणत दोन मिनिटांत दुरुस्त केलं होतं. त्यानंतर काहीही बिघडलं की मुलं मलाच हाक मारायची. ‘काकांना दे, काका करतील.’

म्हणून या वेळी हात खिशात. पण तोंडही आवरावं लागतं. ‘हवा तर नाही ना शिरली?’ हा प्रश्न नव्हे, उत्तरच आहे, फक्त शेपटीला प्रश्नचिन्ह लावलेलं. ‘काय दिसतंय? मघाशी आणि आत्ता काय बदललं?’ एवढंच विचारा. पंचवीस मिनिटं गेली, भांडण झालं, एकजण रुसून दाराशी जाऊन बसला. शेवटी सगळ्यात लहान पोरीनं नळी ट्यूबलाइटकडे धरली आणि ओरडली, ‘‘यात मणी फिरतोय!’’ मग बादलीत बुडवून नळी भरायची युक्तीही त्यांनीच काढली. लादी मात्र मी पुसली. तेवढी मदत चालते.

चूक: कल्पनेवर लगेच शेरा

‘हे कसं जमेल?’ असं एकदा म्हणालात की पुढची दहा मिनिटं कुणी बोलत नाही. ब्रेनस्टॉर्मिंगची रीत रुजवणारा अलेक्स ऑस्बॉर्न जाहिरातींच्या धंद्यातला माणूस. आधी कल्पनांचा ढीग जमवा, निवड नंतर, असं त्याचं सांगणं. ‘वा, मस्त!’सुद्धा टाळा. एकाला शाबासकी मिळाली की बाकीचे तशाच कल्पना काढायला लागतात. मी नुसतं फळ्यावर लिहितो. कुणी गप्प असेल तर आधी पाच मिनिटं सगळ्यांनी कागदावर लिहायचं, मग बोलायचं.

चूक: मोठ्या प्रश्नातच अडकणं

ओडिसीत मोठ्या प्रश्नाला 200 गुण, सादरीकरणातल्या कलाकुसरीला 50 आणि तिथल्या तिथे सोडवायच्या कोड्याला तब्बल 100. या कोड्यांचा सराव आम्ही विसरूनच गेलो होतो. आता दर रविवारी सुरुवातीची वीस मिनिटं त्यालाच. स्पॅगेटीच्या 20 काड्या, तीन फूट टेप, तीन फूट दोरी आणि टोकावर मार्शमॅलो ही मऊ मिठाई, असा मनोऱ्याचा खेळ प्रसिद्ध आहे, वेळ 18 मिनिटं. आमच्याकडे खराट्याच्या काड्या आणि वर लिंबू. पहिल्यांदा मुलांनी सतरा मिनिटं मनोरा सजवला आणि लिंबू शेवटी ठेवलं. मनोरा आडवा! दुसऱ्या रविवारी लिंबू तिसऱ्याच मिनिटाला चढलं.

चूक: पालकांना उशिरा सांगणं

पुठ्ठा खजुरी बाजारातून आणा, खर्चाची मर्यादा ठरवा (आमची 300 रुपये), हे सगळे ऐकतात. पण मर्यादेत राहूनही एका घरातून चकचकीत, सरळ कडांचा राजवाडा आला, रात्री अकरानंतर बाबांनी कापलेला. बिचाऱ्या मुलाला खिडकी कशी उघडते तेही माहीत नव्हतं. परत पाठवताना मलाच वाईट वाटलं. तेव्हापासून अर्धवट काम हॉलमधल्याच कपाटात राहतं आणि किल्ली मुलांकडे असते.

शेवटच्या आठवड्यात नवं काही जोडू देऊ नका. फेविकॉलला वाळायला अख्खी रात्र लागते आणि मुलं ते शनिवारी संध्याकाळी लावतात.