टर्मिनल एम्युलेटर एकाच सर्व्हरवरून चालवताना

ज्या कार्यालयात तीस-चाळीस विंडोज संगणकांवरून एकाच लिनक्स सर्व्हरवर नोंदी केल्या जातात, तिथे प्रत्येक संगणकावर पुटी (सर्व्हरशी दुरून जोडून मजकुराच्या पडद्यात काम करू देणारा टर्मिनल एम्युलेटर) वेगळी बसवत फिरण्याचे कारण नाही. पुटीला इन्स्टॉलेशन लागत नाही, एक फाइल पुरते. ती सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून वापरकर्त्यांना तिथे फक्त वाचण्याची परवानगी द्यावी. फाइल थेट फोल्डरात न ठेवता आवृत्तीच्या क्रमांकाचे उपफोल्डर करावे, कारण कोणाकडेही पुटी उघडी असली की विंडोज ती फाइल बदलू देत नाही. नवी आवृत्ती शेजारच्या उपफोल्डरात ठेवून शॉर्टकट तिकडे वळवला की काम होते.

खरा कस लागतो तो सेटिंग्ज सारख्या ठेवण्यात. मी पाहिलेल्या एका कार्यालयात एफ२ दाबून नोंद जतन केली जात असे. नव्या संगणकावर तीच कळ दाबली की नोंद तशीच राही आणि पडद्यावर चौकटी कंस, १२ आणि तरंगचिन्ह उमटे. पुटीच्या कीबोर्ड विभागात फंक्शन कळांसाठी ‘एक्सटर्म आर६’ निवडताच हा घोळ मिटला, पण तोवर लेखनिकांचे दोन दिवस वाया गेले होते.

म्हणून आधी एकाच संगणकावर सर्व्हरचा पत्ता, कळा, यूटीएफ-८ (अक्षरे साठवण्याची संकेतपद्धत) आणि फॉन्ट नीट लावून, प्रत्यक्ष नोंद करून पाहून, ते सेशन, म्हणजे या सेटिंग्जचा संच, नाव देऊन जतन करावे. पुटी ही माहिती रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात), त्या वापरकर्त्याच्या विभागात, ‘सायमन टॅथम’ या नावाखाली ठेवते. त्यातील ‘सेशन्स’ ही की (रजिस्ट्रीतला कप्पा) निर्यात करून मिळालेली फाइल लॉगऑन स्क्रिप्टमधून, म्हणजे वापरकर्ता संगणकावर लॉगऑन करताच आपोआप चालणाऱ्या आज्ञांमधून, आयात करावी; नोंदी वापरकर्त्याच्याच विभागात जात असल्याने त्यासाठी सहसा प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. आयातीने नव्या नोंदी मिसळतात, जुन्या मात्र पुसल्या जात नाहीत, म्हणून बाद झालेल्या सेशनच्या की-नावाआधी, कंसाच्या आत, उणे चिन्ह घालून ती ओळ त्याच फाइलमध्ये ठेवावी.

सर्व्हरची होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी सांकेतिक किल्ली) याच मार्गाने आधीच पोचवावी, ही माझी आग्रहाची सूचना आहे. ती नसली तर पहिल्याच जोडणीला इशाऱ्याची खिडकी येते, लोक न वाचता होकार देतात, आणि उद्या खरोखर कोणी मध्ये शिरले तरी तसाच होकार देतील. पुटी पासवर्ड जतन करत नाही, हे चांगलेच आहे. पासवर्डऐवजी ओळख पटवणारी वापरकर्त्याची खासगी की मात्र सामायिक फोल्डरात कधीही ठेवू नये.

नेटवर्क मध्येच तुटत असेल, तर फोल्डरातून थेट चालणारी पुटी अर्ध्या नोंदीत बंद पडू शकते. अशा ठिकाणी लॉगऑनच्या वेळी फाइल संगणकावर उतरवून घ्यावी आणि शॉर्टकट त्या प्रतीचा द्यावा.