नाक, पापणी, पोट: शस्त्रक्रियेचे पैसे विम्यातून कधी मिळतात आणि हप्ते घेताना काय बघावं

माझ्या आत्याच्या दोन्ही पापण्या इतक्या खाली आल्या होत्या की पेपर वाचताना ती एका हाताने पापणी वर धरून ठेवायची. शस्त्रक्रिया छान झाली, पण विमा कंपनीने क्लेम नाकारला. कारण दिलं, 'सौंदर्यवर्धक उपचार'. डिस्चार्ज कार्डावर 'ब्लेफरोप्लास्टी' (पापणीची शस्त्रक्रिया) एवढा एकच शब्द होता. तिला दिसत नव्हतं म्हणून हे केलं, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. दृष्टिक्षेत्राची, म्हणजे नजर कुठपर्यंत पोचते त्याची तपासणी झालेली होती, पण तो अहवाल डॉक्टरांच्या फाइलमध्येच पडून होता. तो अहवाल, आधीचे फोटो आणि डॉक्टरांचं सविस्तर पत्र जोडून पुन्हा अर्ज केला तेव्हा पैसे आले, तेही पाच महिन्यांनी. म्हणून हा लेख लिहितोय. पैसे कोण देणार हे बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्या नावापेक्षा तिच्या कारणावर ठरतं, आणि ते कारण शस्त्रक्रियेच्या आधीच कागदावर यायला हवं.

आधी पॉलिसीतलं एक कलम वाचा

आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळण्या, म्हणजे कशाचे पैसे मिळणार नाहीत याच्या अटी, सगळ्या कंपन्यांसाठी एकसारख्या केल्या. त्यातली ०८ क्रमांकाची वगळणी कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीची आहे. दिसणं बदलण्यासाठी केलेल्या उपचाराचे पैसे मिळत नाहीत, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना याला अपवाद आहे. तसंच, तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं प्रमाणित केलं असेल, तर तोही अपवाद. तुमच्या पॉलिसीची प्रत काढा, हे कलम शोधा आणि तुमचं प्रकरण कशात बसतं ते स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा.

स्तनाच्या कर्करोगानंतरची पुनर्रचना या अपवादात सरळ बसते. नाकाचं प्रकरण मात्र गुंतागुंतीचं आहे. आतला पडदा वाकडा असल्याने श्वास अडतो, त्याची शस्त्रक्रिया हा उपचार. पण बऱ्याच पॉलिसींत त्याला २४ महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून तेवढे दिवस त्याचे पैसे मिळत नाहीत. अपघातात नाक मोडलं असेल तर तो लागू होत नाही. त्याच टेबलावर नाकाचा आकारही बदलून घ्यायचा असेल, तर तेवढा खर्च आपलाच. अशा वेळी दोन्ही कामांचं बिल वेगळं करून द्यायला सर्जनला आधीच सांगा. सगळं एकाच आकड्यात आलं तर अख्खा क्लेम अडकू शकतो.

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचे निकष वेगळ्या कलमात आहेत: वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला आणि बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४० किंवा त्याहून जास्त. हृदयविकार, झोपेत श्वास थांबण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काही असेल तर ३५ किंवा जास्त चालतो. लायपोसक्शन (चरबी शोषून काढणं), सुटलेलं पोट घट्ट करणं, केशरोपण यांना विमा नाही. पाठ-खांदे दुखतात म्हणून स्तनांचा आकार कमी करणं किंवा पुरुषांमधली स्तनवाढ, ही प्रकरणं वादाची असतात. तिथे आधीच्या उपचारांची नोंद नसेल तर क्लेम उभा राहणं कठीण.

मग कागद जमवा, तारीख नंतर ठरवा

डॉक्टरांच्या पत्रात त्रास काय, किती दिवसांपासून, आधी कोणते उपचार झाले, शस्त्रक्रिया नाही केली तर काय होईल, हे सगळं यायला हवं. सोबत तपासण्यांचे अहवाल आणि फोटो. खोटं लिहून मागू नका. ते उघडं पडलं तर क्लेमच काय, पॉलिसीही जाऊ शकते. खरा त्रास मात्र पूर्ण लिहून घ्या. घाईत असलेले डॉक्टर दोन ओळींत आटोपतात, तिथे थांबून विनंती करावी लागते.

हे सगळं जोडून विमा कंपनीला ईमेल करा आणि लेखी उत्तर मागा. फोनवर कोणीतरी 'होईल' म्हणालं, त्याला किंमत नाही. कॅशलेससाठी, म्हणजे कंपनीने थेट रुग्णालयाला पैसे द्यावेत यासाठी, रुग्णालयाच्या विमा डेस्कमार्फत पूर्वपरवानगी मागवा. २०२४ च्या नियमांनुसार या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो.

नकार आला तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी घ्या आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, गोव्याची प्रकरणं पुण्याकडे येतात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. फक्त अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं.

सरकारी योजनाही बघा. भाजल्याच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात, रेशन कार्ड घेऊन थेट त्यांच्याकडे जा. बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या मुलांसाठीच्या सरकारी योजनेची चौकशी केल्याशिवाय एक रुपयाही उसना घेऊ नका.

विमा नसेल तर हप्ते, पण हिशेब मांडून

दिसण्यासाठीच शस्त्रक्रिया करायची असेल, तर त्यात चूक काही नाही. चूक होते ती क्लिनिकच्या काउन्सेलरसमोर बसून कर्जाचा फॉर्म भरण्यात.

आधी रोख रकमेचा पूर्ण आकडा लेखी मागा: सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, इम्प्लांट (शरीरात बसवायची वस्तू), नंतर बांधायचे पट्टे, नंतरच्या भेटी, आणि दुरुस्तीची दुसरी शस्त्रक्रिया लागली तर तिचा खर्च. जीएसटी धरलाय का, हेही विचारा. एरवी रुग्णसेवेला बहुतांशी जीएसटी नाही, पण केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आणि केशरोपणाला १८ टक्के लागतो. दीड लाखावर ते २७ हजार होतात.

आता व्याज. 'फक्त १२ टक्के' असं सांगतात तेव्हा फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) की घटत्या शिलकीवर (फेडायच्या उरलेल्या रकमेवरच व्याज), हे विचारा. दीड लाख, दोन वर्षं, १२ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ३६ हजार आणि हप्ता ७,७५०. तेच १२ टक्के घटत्या शिलकीवर असतील तर हप्ता साधारण ७,०६० आणि व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास. म्हणजे फ्लॅटचे १२ टक्के प्रत्यक्षात साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातात. बँक असो वा फायनान्स कंपनी, सही घेण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तुलना त्याच आकड्याची करा.

'नो कॉस्ट ईएमआय', म्हणजे बिनव्याजी म्हणून सांगितलेल्या हप्त्यांचं तसंच. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. रोखीने किती सूट देता, हे विचारलं की व्याज कुठे लपलंय ते कळतं. घरात सोनं असेल किंवा पतपेढीचं सभासदत्व असेल, तर तिथला दरही विचारून घ्या, कित्येकदा तो क्लिनिकमधल्या कर्जापेक्षा कमी निघतो.

अजून एक प्रश्न लोक विचारत नाहीत: शस्त्रक्रिया रद्द झाली तर? कर्ज फायनान्स कंपनीचं, पैसे गेले क्लिनिकला, हप्ते मात्र तुमच्या खात्यातून कापत राहतात. पैसे किती दिवसांत परत आणि किती कापून, हे क्लिनिकच्या लेटरहेडवर लिहून घ्या.

शेवटी थोडी रक्कम बाजूला ठेवा. विम्यात न बसणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला तर त्याचाही क्लेम नाकारला जाऊ शकतो. शिवाय घरी बसावं लागणाऱ्या दिवसांचा पगार बुडणार असेल, तर तोही याच हिशेबात धरा. हप्त्याची पहिली तारीख त्या दिवसांत येत असेल, तर कर्ज मंजूर होण्याआधीच ती पुढे ढकलून घ्या.